शहरात मॉल वाढले, गावच्या खिशाचं काय? छत्रपती संभाजीनगरला खरेदीला निघण्याआधी ही माहिती वाचा

सोयाबीन-कापसाचा पैसा हातात आला, की कन्नड, सिल्लोड, पैठण, वैजापूर, गंगापूरकडून येणाऱ्या एसटी गाड्या भरून शहरात येतात. दिवाळीचे कपडे, लग्नाचा बस्ता, पोरांचा मोबाइल, घरात टीव्ही नाहीतर फ्रिज. आधी ही खरेदी गुलमंडी, पैठण गेट, औरंगपुरा, शहागंज एवढ्यात उरकायची. आता मॉल आहेत, सुपरमार्केट आहेत, रस्त्यारस्त्यावर कंपन्यांचे शोरूम आहेत. दर सणाला कुठलं तरी नवं दुकान उघडतं आणि त्याची जाहिरात आपल्या व्हॉट्सअॅपवर येऊन पडते.

ही दुकानं फक्त शहरातल्या लोकांवर चालत नाहीत. तालुक्यातून येणारा पैसा त्यात मोठा असतो. म्हणूनच या बाजाराचं गणित गावातल्या माणसाला माहीत पाहिजे. काय स्वस्त पडतं, काय महाग पडतं, कायदा काय म्हणतो, फसवणूक झाली तर कुठे जायचं आणि या दुकानांतून आपल्याला कमावता येईल का, ते या लेखात एका जागी दिलं आहे. लेख जपून ठेवा, घरच्यांनाही वाचायला द्या.

बाजार कसा सरकत गेला

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर. जुना बाजार दरवाजांच्या आत होता. सराफा, कापड, भांडी, किराणा असं सगळं पायी फिरून घेता यायचं. १९७० च्या दशकात सिडकोने नवीन शहर वसवायला घेतलं आणि कॅनॉट प्लेससारखी नवी बाजारपेठ तयार झाली. १९८० च्या दशकात वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी माणसं वाढली आणि त्यांच्यासाठी दुकानं वाढली.

२०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१० मध्ये, चिकलठाणा एमआयडीसीत प्रोझोन मॉल सुरू झाला होता. एकाच छताखाली कपडे, चप्पल, खाणं आणि सिनेमा, असा प्रकार आपल्या भागाला नवा होता. पुढे शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक वसाहत आणि समृद्धी महामार्ग आला. समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये खुला झाला. रस्ता आणि कारखाने आले, की मागोमाग दुकानं येतातच.

देशात ही लाट तशी जुनी नाही. मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स मॉल १९९९ मध्ये उघडला. डीमार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये पवईत सुरू झालं. म्हणजे १९९९ नंतर अवघ्या अकरा वर्षांत मॉल मुंबईतून निघून आपल्या जिल्ह्याच्या गावापर्यंत पोहोचला.

मॉल, सुपरमार्केट आणि शोरूम: तिन्ही वेगळे

आपण सरसकट ‘मॉल’ म्हणतो, पण तिघांचा धंदा वेगवेगळा आहे.

मॉलचा मालक स्वतः माल विकत नाही, तो गाळे भाड्याने देतो. एक-दोन मोठी दुकानं आधी आणतो, त्यांना भाड्यात सवलतही देतो, कारण त्यांच्यामुळे गर्दी होते. त्या गर्दीवर बाकीचे छोटे गाळे चालतात. त्यांचं भाडं जास्त असतं आणि ते शेवटी वस्तूच्या किमतीतून वसूल होतं.

सुपरमार्केट किराणा आणि घरगुती सामान विकतं. ते स्वस्त देऊ शकतं, कारण कंपनीकडून ट्रकच्या ट्रक माल थेट घेतं आणि मधला एजंट वाचतो. काही कंपन्या जागा भाड्याने न घेता विकत घेतात, त्यामुळे भाडंही वाचतं. शिवाय गिऱ्हाइकाने स्वतःच रॅकवरून माल उचलायचा असल्याने नोकर कमी लागतात.

शोरूम म्हणजे बहुतेक वेळा एकाच कंपनीचं किंवा एकाच प्रकारच्या मालाचं दुकान. मोबाइल, टीव्ही, सोनं, कपडे. इथे हप्ता, एक्स्चेंज, भेटवस्तू असं बरंच काही मिळतं आणि हिशेब तिथेच चुकतो. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

अजून एक गोष्ट. सुपरमार्केटमध्ये साखर, तेल, डाळ अशा दोन-चार वस्तू अगदी कमी भावाने ठेवतात. त्यांचे भाव आपल्याला पाठ असतात, त्यामुळे ‘इथे सगळंच स्वस्त’ असं वाटतं. मग आपण न ठरवलेलं सामानही ट्रॉलीत टाकतो: बिस्किटं, प्लॅस्टिकचे डबे, पोरांची खेळणी. नफा तिथे निघतो. यात बेकायदा काही नाही, पण यादी लिहून नेली तर खिसा वाचतो.

जाणं परवडतं का? आधी हिशेब करा

पैठण शहरापासून साधारण ५० किलोमीटर. कन्नड आणि सिल्लोड साधारण ६० ते ६५. तेवढं अंतर जाऊन किराणा आणायचा, तर किती वाचलं पाहिजे? एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा नवरा-बायको दोघे निघाले. एका बाजूचं तिकीट १०० रुपये धरा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे बाईंचे ५०. जाऊन-येऊन दोघांचे ३०० झाले. बसस्थानकापासून दुकानापर्यंत रिक्षा दोन्ही वेळची १५०. चहा-नाश्ता १५०. म्हणजे ६०० रुपये सामान घेण्याआधीच गेले. त्यात एकाची दिवसाची मजुरी बुडाली, तर ४०० अजून. एकूण १,००० रुपये.

आता ४,००० रुपयांच्या किराण्यावर गावापेक्षा दहा टक्के वाचले, तरी हातात येतात ४०० रुपये. म्हणजे ६०० रुपयांचा तोटा करून आपण ‘स्वस्त’ खरेदी केली.

मग जाऊच नये का? तसं नाही. शहरात दवाखान्याचं, कोर्टाचं किंवा जाधववाडी बाजार समितीत माल नेण्याचं काम आहेच, तर त्याच फेरीत खरेदी करा. तीन-चार घरांनी मिळून यादी करा आणि एकानेच आणा. बस्ता, टीव्ही, फ्रिज अशी मोठी खरेदी असेल, तर चार दुकानं फिरून भाव काढणं परवडतं. पाच किलो साखरेसाठी मात्र परवडत नाही. घरात ७५ वर्षांच्या पुढचं कुणी असेल, तर त्यांना एसटी मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आहे. पण तेवढ्यासाठी म्हाताऱ्या माणसाला गर्दीत फिरवू नका.

रॅकसमोर उभं राहिल्यावर काय बघायचं

एक, एमआरपी. पाकिटावर छापलेली ही सगळ्यात वरची किंमत आहे आणि सगळे कर त्यातच धरलेले असतात. ‘एमआरपी अधिक जीएसटी’ असं कुणी म्हणालं, तर ते चूक आहे. एमआरपीपेक्षा कमी घेता येतं, जास्त घेता येत नाही. मॉल आहे, एसी आहे म्हणून पाण्याच्या बंद बाटलीवर काउंटरवाला चार रुपये जादा लावू शकत नाही.

दोन, वजन. तेलाची पिशवी एक लिटरचीच असेल, असं धरून चालू नका. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. शेजारी तशीच दिसणारी पिशवी ८५० किंवा ८०० ग्रॅमची असू शकते. भाव कमी दिसतो, कारण तेलच कमी असतं.

तीन, एककाचा भाव. आता पाकिटावर एमआरपीबरोबर दर ग्रॅमचा, किलोचा, मिलिलिटरचा किंवा लिटरचा भावही छापलेला असतो. अक्षर बारीक असतं, पण खरी तुलना त्यावरच होते. समजा कपड्याची पावडर एक किलो १२० रुपयांना आहे आणि ८०० ग्रॅमचं पाकीट १०० रुपयांना. शंभराचं स्वस्त वाटतं, पण किलोमागे ते १२५ ला पडतं.

चार, तारीख. ‘एकावर एक मोफत’ असलेल्या मालाची मुदत आधी बघा. मुदत संपायला पंधरा दिवस उरलेली बिस्किटं चार पुडे घेऊन घरात काय करायचं?

पाच, सवलतीचा आकडा. ‘५० टक्क्यांपर्यंत सूट’ यातला ‘पर्यंत’ हा शब्द वाचा. पन्नास टक्के एखाद्या कोपऱ्यातल्या मालावर असतात, बाकीच्यावर दहा.

सुटा माल तोलून घेत असाल, तर काटा शून्यावर आहे का बघा. वजनकाट्यांची तपासणी वैध मापन शास्त्र विभाग करतो आणि त्याचा शिक्का काट्यावर लागतो. वजनात मारलं जातंय असं वाटलं, तर तक्रार याच विभागाकडे करायची.

बिल काउंटरवर घाई करू नका

मागे रांग असते, मशीन टुक-टुक वाजत असतं, आपण पिशवी भरण्यात गुंतलेले असतो. तेवढ्यात दोन चुका होतात. एकच वस्तू दोनदा मोजली जाते, नाहीतर रॅकवर लिहिलेली सूट बिलात लागत नाही. म्हणून दाराबाहेर पडायच्या आधी बाजूला उभं राहून बिल वाचा. वाचता येत नसेल तर सोबतच्या पोराला वाचायला लावा. त्यात लाजायचं काही नाही.

बिल: ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘बिल घेतलं तर जीएसटी लागेल, बिनबिलाचं घ्या, स्वस्त पडेल’ हे ऐकू नका. बिल नसेल तर वॉरंटी नाही आणि तक्रारीला पुरावाही नाही. कागदी बिलाची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात, म्हणून घरी आल्यावर लगेच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

बदलून देणं: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं बिलावर छापलेलं असतं. पण माल खराब निघाला, तर तेवढं लिहून दुकानदाराची सुटका होत नाही. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत खराब माल परत घ्यायला नकार देणं कायद्याने चूक आहे. मात्र रंग आवडला नाही, मापाचा अंदाज चुकला, अशा कारणासाठी बदलून देणं दुकानाच्या नियमावर असतं. तेव्हा घेतानाच विचारा.

पिशवी: राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे. कापडी किंवा कागदी पिशवीचे पैसे बिलात गुपचूप लावणं चूक आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये एका प्रकरणात सांगितलं. आधी कळवलं पाहिजे, ही त्यातली मुख्य गोष्ट. सोपा उपाय म्हणजे घरची पिशवी न्या.

मोबाइल नंबर: ‘नंबर सांगा, त्याशिवाय बिल निघत नाही’ असं काउंटरवर म्हणतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानांना सांगितलं आहे, की नंबर देण्याची सक्ती करू नका. द्यायचा नसेल तर सरळ नाही म्हणा. आणि खरेदी कुठलीही असो, ओटीपी विचारणाऱ्याला तो सांगण्याआधी कशासाठी आहे ते वाचा.

सिनेमा: मॉलमधल्या थिएटरात बाहेरचं खाणं आणू द्यायचं की नाही, हे मालक ठरवू शकतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२३ चा निकाल आहे. पण पिण्याचं स्वच्छ पाणी तिथे मोफत असायला हवं. लहान पोरं सोबत असतील तर हे लक्षात ठेवा.

‘झिरो टक्के व्याज’ म्हणजे फुकट नाही

गावाकडचा पैसा सगळ्यात जास्त अडकतो तो मोबाइल आणि टीव्हीच्या हप्त्यात. जाहिरातीत ‘बिनव्याजी हप्ता’ असतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच म्हटलं होतं, की शून्य टक्के व्याज असं खरं काही नसतं. व्याज कुठल्या तरी दुसऱ्या रूपाने घेतलं जातं.

कसं ते बघा. समजा मोबाइल १८,००० चा. रोख घेतला तर दुकानदार १७,००० ला देतो. हप्त्यावर घेतला तर ३,००० चे सहा हप्ते, म्हणजे पुरे १८,०००. वर ‘प्रोसेसिंग फी’ ५००. म्हणजे रोखीपेक्षा १,५०० रुपये जास्त गेले. तेच तुमचं व्याज.

सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. रोख किंमत किती? सगळे हप्ते आणि फी मिळून एकूण किती? हप्ता चुकला तर दंड किती? कर्ज देणाऱ्याने व्याज, फी आणि एकूण खर्च दाखवणारा एक छोटा तक्ता द्यावा लागतो आणि तो तुम्हाला समजेल अशा भाषेत हवा. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा हा नियम लागू आहे. मराठीत मागा.

अजून एक. मोबाइलचा हप्ता चुकला तर तो सिबिलमध्ये दिसतो. पुढे ट्रॅक्टरला किंवा घराला कर्ज मागायला गेलात, की बँकवाला तेच काढून दाखवतो. शेतीचं उत्पन्न वर्षातून एक-दोनदा येतं, हप्ता मात्र दर महिन्याला येतो. कपाशी वेचून पैसे हातात आल्यावर रोख घेतलेला मोबाइल केव्हाही स्वस्त. तसंच दुसऱ्याच्या नावावर हप्ता करून देऊ नका. पावणा असला तरी नाही.

सोनं घेताना

मोठ्या शोरूमची चकचक बघून घेऊ नका, शिक्का बघून घ्या. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक लागतो. बीआयएसचं चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६) आणि एचयूआयडी अशा तीन खुणा दागिन्यावर दिसल्या पाहिजेत. ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये तो क्रमांक टाकला, की दागिन्याची नोंद दिसते. बिलात सोन्याचं वजन, भाव, मजुरी आणि कर वेगवेगळे लिहून घ्या. खड्याचं वजन सोन्यात धरलं नाही ना, तेही बघा.

फसलो, आता कुठे जायचं?

आधी दुकानाच्या व्यवस्थापकाला लेखी सांगा. व्हॉट्सअॅप किंवा ईमेल चालेल, पण पुरावा राहिला पाहिजे. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. हा फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

त्यानेही झालं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूला मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार इथेच होते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लावायलाच हवा असं नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. ‘ई-जागृती’ या सरकारी पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते.

आणि ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे: २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा कामाला आहात, त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पुण्यात किंवा मुंबईत घेतलेला फ्रिज खराब निघाला, तरी तिकडे हेलपाटे घालायची गरज नाही.

दुकानात नोकरी लागली तर

नवीन दुकान उघडलं की सेल्समन, कॅशियर, पॅकिंग, गोदाम, सुरक्षारक्षक अशी माणसं लागतात. बारावी झालेल्या पोरापोरींना ही कामं मिळतात. पण बरीचशी भरती दुकान स्वतः करत नाही, एजन्सी करते. म्हणून हे बघा.

- नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.
- नेमणुकीचं पत्र लेखी घ्या. पगार कोण देणार, दुकान की एजन्सी, ते त्यात हवं.
- आठवड्याला एक सुट्टी हा हक्क आहे. जादा वेळ काम केलं तर दुप्पट दराने पैसे मिळाले पाहिजेत.
- पीएफ कापतात तर यूएएन क्रमांक मागा आणि पैसे खरंच जमा होतात का ते मोबाइलवर तपासा. महिना २१,००० पर्यंत पगार असेल आणि दुकान ईएसआयच्या कक्षेत असेल, तर दवाखान्याची सोय त्यातून होते.
- महिलांना रात्री साडेनऊनंतर काम द्यायचं, तर त्यांची संमती हवी आणि सुरक्षित घरी पोहोचवण्याची सोय हवी. पोरगी कामाला लागली असेल तर मालकाला हे आधीच विचारा.

गावाहून रोज ये-जा करणाऱ्याने शेवटच्या एसटीची वेळ आधी बघावी. दुकान रात्री दहाला बंद होतं आणि गाडी नऊलाच जाते, तर खोली करावी लागेल. खोलीचं भाडं पगारातून वजा करून मगच नोकरी ठरवा.

जमिनीचा मोबदला आणि मॉलमधला गाळा

रस्त्यात किंवा औद्योगिक वसाहतीत जमीन गेलेल्या घरांत एकदम मोठी रक्कम येते. मग एजंट घरी येतो. ‘नवीन शॉपिंग सेंटरमध्ये गाळा घ्या, दर महिन्याला ठरलेलं भाडं मिळेल.’ बापजाद्यांची जमीन एकदाच विकली जाते. त्या पैशाचा प्रश्न आहे, म्हणून इथे सगळ्यात जास्त सावध राहा.

जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि गाळे आठपेक्षा जास्त असतील, तर त्या प्रकल्पाची महारेरात नोंदणी लागते. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापावा लागतो. मोबाइलने तो स्कॅन करा. जमीन कुणाची, परवानगी कुठली, काम कधी पूर्ण होणार, किती गाळे विकले, हे सगळं दिसतं. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. गाळ्याचं माप ‘कार्पेट एरिया’तच विचारा, म्हणजे भिंतीच्या आतली वापरायची जागा.

आणि ठरलेल्या भाड्याची गोष्ट. ते भाडं कोण देणार, किती वर्षं देणार आणि दिलं नाही तर काय, हे करारात लिहिलेलं नसेल, तर ते फक्त बोलणं आहे. दुकान चालत नसेल तर भाडेकरू निघून जातो आणि गाळा कुलूपबंद राहतो. त्याची देखभाल फी मात्र मालकाला भरावीच लागते.

मोठं नाव म्हणजे कायमचं, असंही नसतं. बिग बाजारने २००१ पासून देशभर दुकानं उघडली. आठवडी बाजाराचीच कल्पना घेऊन त्यांनी ‘बुधवार बाजार’ चालवला, गर्दीही तशीच जमवली. पण कर्ज डोईजड झालं आणि २०२२ मध्ये ही दुकानं बंद पडत गेली. म्हणून कूपन, पॉइंट, आगाऊ भरायच्या योजना यांत जास्त दिवस पैसे अडकवू नका.

तिथे आपला माल विकता येईल का?

येतो, पण तयारी लागते. राज्यात २०१६ पासून फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या बाहेरही विकता येतो. सुपरमार्केटला भाजी द्यायची तर रोज ठरलेल्या वेळी, निवडलेला, एकसारखा माल लागतो. एकट्या शेतकऱ्याला ते जड जातं. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा गट असेल तर जमतं. नाकारलेल्या मालाचं काय करायचं, हे आधीच ठरवा. नाहीतर परतीचं भाडं अंगावर पडतं.

बचत गटाच्या पापड, मसाला, लोणच्याला पाकिटावर पूर्ण माहिती, एमआरपी आणि एफएसएसएआयचा क्रमांक लागतो. गटाने उद्यम नोंदणी केली असेल, तर सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे घेणाऱ्याने ४५ दिवसांच्या आत द्यावेत, असा कायदा आहे. ‘उमेद’च्या गटांसाठी राज्य मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये १० जिल्ह्यांत ‘उमेद मॉल’ उभारायला मंजुरी दिली. आपल्या पंचायत समितीतल्या उमेद कक्षात जाऊन चौकशी करा.

आणि गावातलं दुकान?

गावातला किराणावाला दोन रुपये जास्त घेतो, हे खरं. पण पाऊस लांबला, पैसे संपले, की वहीत लिहून तोच देतो. रात्री नऊला लेकराला ताप आला, तर दार वाजवून साखर-मीठ-लिंबू मिळतं ते त्याच्याकडेच. मॉलमध्ये उधारी नाही, आणि जिथे आहे तिथे तिचं नाव हप्ता आहे.

रोख पैसे आले की शहरात आणि उधारी लागली की गावात, असं सगळ्यांनीच केलं, तर गावातलं दुकान टिकणार नाही. ते बंद पडलं, की मीठ-मिरचीलाही तालुक्याला जावं लागेल. दुकानदारानेही समजून घ्यावं, की गिऱ्हाईक आता मोबाइलवर भाव बघतं. एमआरपीवर दोन रुपये सोडणं, मुदत संपलेला माल काढून टाकणं आणि मागितलं तर बिल देणं, एवढं केलं तरी गिऱ्हाईक राहतं. चार गावांच्या दुकानदारांनी मिळून घाऊक माल आणला, तर भावही कमी होतो.

शहराचा बाजार वाढणार, तो कुणी थांबवणार नाही, थांबवायची गरजही नाही. पोरांना तिथे काम मिळतं, आपल्याला चार वस्तू निवडून घेता येतात. फक्त जाताना यादी न्या आणि येताना बिल आणा.

थोडक्यात लक्षात ठेवा

- निघण्याआधी प्रवासखर्च आणि बुडणारी मजुरी धरून हिशेब करा.
- एमआरपीपेक्षा जास्त देऊ नका. किलोचा किंवा लिटरचा भाव बघून तुलना करा.
- पक्कं बिल घ्या आणि लगेच फोटो काढा.
- खराब माल परत घेणं दुकानाला बंधनकारक आहे.
- हप्ता घेताना रोख किंमत आणि एकूण रक्कम शेजारी-शेजारी लिहून बघा.
- सोन्यावर एचयूआयडी आणि गाळ्याला महारेरा नोंदणी तपासा.
- तक्रारीसाठी १९१५.